काळीला नंबर, पांढरीला चुना : वऱ्हाडातल्या गहाणाच्या मोलाची कथा

अमरावतीत किंवा अकोल्यात घर तारण ठेवून कर्ज काढायचे ठरले की बँकेचा मूल्यांकक येण्यापूर्वी घरात लगबग सुरू होते. दर्शनी भिंतीला रंग लागतो, छताची ओल बुजवली जाते, अंगणातले भंगार हलवले जाते. मूल्यांकक मात्र आल्याबरोबर भिंतीकडे पाहत नाही. तो आधी आखीव पत्रिका मागतो.

पुण्या-मुंबईकडे जिला मिळकत पत्रिका म्हणतात, तीच विदर्भातली आखीव पत्रिका. आखलेली, म्हणजे मोजून हद्द ओढलेली. घर डोळ्यांसमोर उभे असताना त्याचे मोल ठरवायला आधी कागद का लागतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे प्रथम दिसते ती एखाद्या घराची नव्हे, अख्ख्या प्रांताची गहाणवट.

हा धागा त्या गहाणवटीचा, तिच्यातून झालेल्या शेतांच्या मोजणीचा, आणि मोजणीतून सुटून राहिलेल्या वऱ्हाडी घराचा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड निजामाचे होते आणि निजाम कायम कर्जात होता. खर्चाची मोठी बाब होती हैदराबाद कंटिंजंट. ही फौज नावाला निजामाची, तिचे अधिकारी इंग्रज, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला की सावकार गाठायचा आणि सावकाराला एखाद्या मुलखाचा वसूल लावून द्यायचा, ही रीत पडली होती.

हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी निजामाला वार्षिक २४-२५ टक्क्यांच्या घरातल्या व्याजाने कर्ज देत होती. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने तिच्याविरुद्ध मोहीमच उघडली आणि १८२४ मध्ये ती बुडाली. तिच्यामागून वऱ्हाडात आली पेस्तनजी आणि मंडळी ही पारशी पेढी. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात थेट मुंबईला पाठवण्याची सुरुवात १८२५-२६ च्या सुमारास याच पारशी व्यापाऱ्यांनी केली. त्याआधी इथल्या कापसाचे लमाणी तांडे मिर्झापूरची वाट धरत. या पेढीने शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या आणि खामगाव व इतर ठिकाणी कापसाच्या गाठी दाबायचे स्क्रू बसवले.

१८४१ मध्ये दिवाण चंदूलाल याने सरकारी कर्जाच्या फेडीसाठी वऱ्हाडातले मोठे मुलूख या पेढीला लावून दिले. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला, आणि १८४५ मध्ये पेस्तनजींना काही काळ विरोध करून अखेर ते मुलूख सोडावे लागले. गहाण घेणारा कितीही मोठा असला तरी राज्यकर्त्याची मर्जी फिरली की तारण हातचे जाते, हे पारशी पेढीने पाहिले. त्यानंतरच्या सावकाराला मात्र ही भीती नव्हती. त्याच्याकडे सैन्य होते.

२१ मे १८५३ रोजी तह झाला. गव्हर्नर जनरल डलहौसी, रेसिडेंट कर्नल जॉन लो, गादीवर निजाम नासिर-उद-दौला. कंटिंजंटचा पगार, थकलेल्या कर्जाचे व्याज आणि काही नेमणुका भागवण्यासाठी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाला. या सगळ्याचा ढोबळ वसूल वर्षाला ५० लाख रुपये धरला गेला. एका प्रांताचे हे मूल्यांकन शेत न मोजता आणि माती न पाहता, दफ्तरातल्या आकड्यांवरून झाले.

कायद्याच्या भाषेत पाहिले तर हे कब्जेगहाण होते. मालकी निजामाची, ताबा इंग्रजांचा. उत्पन्नातून खर्च आणि व्याज वळते करायचे, हिशेब द्यायचा आणि उरेल ते मालकाला. १८६० च्या नव्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत गेले, आणि ३२ लाख रुपये ढोबळ वसुलाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे विश्वस्त म्हणून राहिला. वरकरणी ही सवलत होती. पण त्याच तहात हिशेब मागण्याचा हक्क गेला. कर्ज संपले आणि गहाण उरले, असा हा विलक्षण व्यवहार. असे गहाणखत एखाद्या गावच्या सावकाराने लिहून घेतले असते तर कोणत्याही मुन्सफाने भुवया उंचावल्या असत्या.

दिवाण सालारजंग याने वऱ्हाड सोडवण्यासाठी आयुष्य खर्ची घातले. फौजेचा खर्च व्याजातून भागेल एवढी रक्कम ठेव म्हणून देण्याचा प्रस्ताव त्याने ठेवला, १८७६ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा वऱ्हाड होते तिथेच होते. त्या काळच्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या शेतकऱ्यालासुद्धा गहाण सोडवण्यासाठी ६० वर्षे मिळत. निजामाची ४९ वर्षे झाली तोवर लॉर्ड कर्झन आला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेले. निजाम महबूब अली खान याला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ लोकांनी लावला : ‘गेव्ह कर्झन बेरार’, कर्झनला वऱ्हाड देऊन टाकले. ज्या फौजेच्या पगारासाठी हे सारे घडले ती १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली.

प्रांताची गोष्ट इथे सोडू. कारण गहाण घेणाऱ्याने ताबा मिळाल्यावर जे केले, त्याचा परिणाम वऱ्हाडातल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोहोचला.

वऱ्हाडी माणूस गावाची दोन भागांत वाटणी करतो. शेतीची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. काळीत कापूस आणि ज्वारी पिकते. पांढरीच्या मातीने भिंती उभ्या राहतात आणि धाब्यावर तीच माती अंथरली जाते. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी आणली ती काळीची. पांढरी त्यांनी एका रेषेत बांधून गावठाण म्हणून बाजूला ठेवली. हा फरक लक्षात ठेवावा. पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

मोजणीची पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. आधी प्रत्येक शेताला नंबर आणि कोपऱ्यांना हद्दीचे दगड. मग प्रतवारी करणारा कारकून शेताचे भाग पाडून जागोजागी माती उकरून पाही. मूळ मुंबई पद्धतीत पावणेदोन हात खोल, एकसारख्या पोताची काळी माती म्हणजे १६ आणे. खोली कमी होत जाई तसे आणे उतरत. त्याच प्रतीची माती पाव हातच उरली की साडेचार आणे. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणारी जमीन, वाहत्या पाण्याने धुपणारी जमीन, उपळट जमीन, असे दोष आढळले की प्रत आणखी खाली येई. शेवटी आण्यांवरून आकार ठरे आणि तो साधारण ३० वर्षांसाठी कायम होई.

आजच्या कोणत्याही मूल्यांकन अहवालाशेजारी ही पद्धत ठेवून पाहावी. क्षेत्रफळ, प्रत, दोषांची वजावट, अंतिम आकडा. सांगाडा तोच आहे. आधुनिक मूल्यांकनाचे वऱ्हाडातले पहिले मोठे काम बँकेने केलेले नाही, ते सारावसुलीसाठी आलेल्या कारकुनाने केले.

या मोजणीचा एक परिणाम शेतकऱ्याच्या ध्यानात आला त्याआधी सावकाराच्या ध्यानात आला. नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव एका ओळीत आले. हक्क वारसाने जाणारा आणि विकता येणारा ठरला. म्हणजे शेत आता ओळखता येत होते, लिहिता येत होते, आणि कोर्टातून मागता येत होते. पूर्वी सावकार कर्ज देई ते उभ्या पिकाकडे आणि माणसाच्या अब्रूकडे पाहून. आता तो सर्व्हे नंबर पाहू लागला.

नेमके याच सुमारास कापसाने उसळी घेतली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण वऱ्हाडी माणूस आजही अभिमानाने सांगतो. भाव चढला की जमिनीचे मोल चढते, मोल चढले की कर्जाची मर्यादा चढते. युद्ध १८६५ मध्ये संपले आणि भाव खाली आला. मोल भावाबरोबर उतरले. कर्जाचा आकडा मात्र खतावर लिहिलेला होता. तो उतरत नसतो.

एकाच शेतकऱ्याला आपल्या एकाच शेताचे दोन चेहरे असावेत असे वाटू लागले. सरकारी कारकून माती उकरायला येई तेव्हा शेत कमी प्रतीचे दिसलेले बरे, कारण त्यावर तीस वर्षांचा सारा अवलंबून. सावकार बांधावर उभा राही तेव्हा तेच शेत भारी दिसायला हवे. शेतकऱ्याची लबाडी म्हणून याकडे पाहण्याचा मोह आवरावा. मोल हे वस्तूत नसते, ते कोण कशासाठी विचारतो यावर ठरते, हे त्याला नीट कळले होते. खरेदीखतात किंमत कमी आणि कर्जाच्या अर्जात जास्त दाखवण्याची आजची शहरी धडपड याहून वेगळी नाही.

गहाणाचे प्रकारही तिथल्या भाषेत घट्ट रुजले होते. नजरगहाणात ताबा कर्जदाराकडे राही आणि सावकाराची नुसती नजर त्यावर. कब्जेगहाणात शेत सावकार वाही आणि उत्पन्न व्याजापोटी घेई. तिसरा, आणि वऱ्हाडच्या कोर्टांत वारंवार गाजलेला प्रकार म्हणजे गहाणलहाण : ठरल्या मुदतीत पैसे फिटले तर गहाण सुटले, न फिटले तर तोच दस्त विक्रीचा समजावा.

गहाणलहाणात मोल ठरवण्याची कला उलटी चाले. इथे सावकाराला तारणाची किंमत फार नको, कर्जच कमी हवे. हजाराच्या शेतावर तीनशे दिले आणि मुदत टळली तर शेत तीनशेत पडले. म्हणून मुदत कधी संपते ही बाब किमतीइतकीच महत्त्वाची होती. कापूस बाजारात येण्याआधीची मुदत आणि कापूस विकल्यानंतरची मुदत यांत शेत जाणे आणि शेत राहणे एवढा फरक पडे.

व्याजाला जुन्या हिंदू कायद्याचा एक लगाम होता, दामदुपट. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येत नाही, हा नियम मुंबई इलाख्याप्रमाणे वऱ्हाडातही मानला जाई. त्यावरचा उपाय सावकारांनी केव्हाच शोधला होता. व्याज मुद्दलाच्या जवळ आले की दोन्ही मिळवून नवे खत. नव्या खतात सारेच मुद्दल, आणि दामदुपट पुन्हा पहिल्यापासून.

१८७५ मध्ये पुणे-नगरकडचे शेतकरी सावकारांच्या वह्यांवर तुटून पडले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा वेगळा कायदा झाला. तो वऱ्हाडापर्यंत आला नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. प्रांत गहाण पडलेला असल्याची किंमत शेतकऱ्याने अशीही मोजली.

आता पांढरीकडे, म्हणजे घराकडे.

वऱ्हाडी घराचे मोजमाप खणांत होई. दोन तुळयांमधले किंवा दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. तीन खणी घर, पाच खणी घर, असे वर्णन. घराचे मोल करणारा सावकार भिंतीकडे फारसे पाहत नसे, कारण भिंत पांढऱ्या मातीची. पावसाळ्यागणिक तिला लिंपण लागते आणि पडली तर तिची पुन्हा मातीच होते. तो वर पाही. खांब, तुळया, कडीपाट, दारांच्या चौकटी. लाकूड मेळघाटच्या सागाचे असेल तर घर पाडूनही त्याचे पैसे होत. त्यानंतर विहीर, धान्याचे पेव, गोठा आणि रस्त्याकडचे तोंड.

शहरात जागेलाही मोल होते. अमरावतीभोवती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून परकोट बांधला गेला. नागपुरी गेट, जवाहर गेट, अंबा गेट ही नावे अजून बोलण्यात आहेत. परकोटाच्या आतले घर आणि बाहेरचे घर यांच्या किमतीत, पेंढाऱ्यांची भीती होती तोवर, फरक पडणारच. पुढे रेल्वे आली, सरकीकाढणीचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, आणि हा हिशेब हळूहळू कोटाबाहेर सरकला.

गावठाणातल्या घराला नंबर नव्हता. म्हणून दस्तात घर ओळखायचे ते शेजाऱ्यांवरून. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याचा गोठा, उत्तरेस बोळ. ही चतुःसीमा. पुढे ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ ही ठरलेली शब्दावली, म्हणजे पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सारे काही. ऐकायला भारदस्त, पण शेजारी बदलला, गोठा पडला, बोळ बुजला की सीमा सापडत नाही. दोन पिढ्यांनंतर असा दस्त वाचून घर शोधायला गावातला म्हाताराच लागे.

नंबर नसण्यात घराचे रक्षणही होते. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याच्या राहत्या घराचे साहित्य जप्तीतून वगळले. साहित्य, म्हणजे सावकाराची नजर वळे तेच सागवान. १९०८ च्या संहितेच्या कलम ६० ने ही सवलत स्पष्ट शब्दांत घर, त्याखालची जागा आणि वापरास आवश्यक अशी लगतची जमीन यांनाही दिली. हातउसन्या पैशाच्या किंवा रुक्क्याच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचे राहते घर जप्त होत नसे.

पण ही ढाल जप्तीपुरती होती. घर स्वतःहून गहाण लिहून दिले असेल तर त्या गहाणाच्या हुकूमनाम्यावर ते विकले जाऊ शकते. तिथे कलम ६० आड येत नाही. त्यामुळे कर्ज देणाऱ्याला घर हवेच असेल तर ते गहाणखतात आणणे भाग होते. शेताच्या गहाणखतात खाली एक ओळ वाढे : राहते घर चतुःसीमेसह. त्या ओळीने कर्जाची रक्कम थोडीफार वाढत असे. कायद्याने दिलेली ढाल त्याच ओळीने खाली ठेवली जाई, आणि ती वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा खाली उमटे.

घरचे जुने कागद नुसते सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची सोय त्या काळी वऱ्हाडात नव्हती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याने ती कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची, रंगून अशा व्यापारी शहरांपुरती ठेवली होती. अमरावती-अकोल्याला दुय्यम निबंधकाची कचेरी, स्टँप आणि साक्षीदार यांशिवाय वाट नव्हती. नोंदणीमुळे फसवणूक कमी झाली असेल. कर्जाचा खर्च मात्र वाढला.

१९२९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जागतिक मंदी आली आणि कापसाचा भाव कोसळला. त्याच वर्षी मालमत्ता हस्तांतर कायद्यात दुरुस्ती झाली : परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण समजायचा नाही. हेतू खटले कमी करण्याचा होता. पळवाट मात्र मोठी उघडली. सावकार साधे खरेदीखत लिहून घेई आणि ‘पैसे दिल्यास परत करीन’ हे वेगळ्या कागदावर, नाहीतर नुसते तोंडी. शेतकऱ्याच्या मनात ते गहाणच असे, कागदावर ती विक्री असे. इथे मूल्यांकनाचा प्रश्नच मिटे, कारण खतातली किंमत म्हणजे दिलेले कर्ज.

मंदीत तारणाचे मोल कर्जाच्या खाली गेले. लिलाव केला तरी सावकाराचे पैसे निघेनात आणि शेतकऱ्याची जमीन मात्र जाई. अशा वेळी १९३३ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज समेटाचा कायदा झाला. त्या सुमारास प्रांताचे मंत्री असलेले, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव वऱ्हाडात या कायद्याशी जोडले जाते. समेट मंडळापुढे दोन्ही पक्ष बसत आणि किती देणे खरोखर फिटू शकते हे पाहून हप्ते बांधले जात. १९३९ च्या कायद्याने मंडळांच्या जागी कर्जनिवारण न्यायालये आणली आणि व्याजाबरोबर मुद्दलातही घट करण्याची तरतूद केली. शेत विकून किती येईल हे सावकार पाही. शेत पिकवून किती फिटेल हे मंडळ पाही. मूल्यांकनाच्या इतिहासात हा बदल लहान नाही, आणि त्याची आठवण फारशी ठेवली गेली नाही ही खेदाची बाब आहे.

याच काळात भूतारण बँका उभ्या राहिल्या. जुने कर्ज फेडण्यासाठी लांब मुदतीचे कर्ज द्यायचे, जमीन तारण घ्यायची, आणि साधारणपणे तिच्या मोलाच्या निम्म्यापर्यंतच रक्कम द्यायची, असा त्यांचा रिवाज होता. आज रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मोलाच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. एवढी सढळ मर्यादा शहरातल्या घराला मिळते. वऱ्हाडातल्या खेड्यातल्या घराला परवापरवापर्यंत तारण म्हणून कोणी दारातही उभे करत नव्हते.

कारण पुन्हा तेच. काळीला सातबारा होता, पांढरीला नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ होता, पण ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा म्हणून बँका तो सहसा मानत नसत. दवाखान्यासाठी, लग्नासाठी, बियाण्यासाठी पैसा लागला की शेतच पणाला लागे, आणि बँकेने ते आधीच अडकवलेले असेल तर उरे तो सावकार. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली तेव्हा त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तोवर साऱ्या देशाला हे जिल्हे ओळखीचे करून दिले होते. महाराष्ट्राच्या सावकारी नियमनाच्या २०१४ च्या कायद्याने अवैध सावकारीत हडपलेली मालमत्ता परत मिळवून देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिला. चौकशीत प्रश्न बहुधा तोच असतो : हे खरेदीखत खरे, की गहाणाला घातलेला विक्रीचा अंगरखा?

पांढरीची मोजणी अखेर सुरू झाली ती ड्रोनने. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात २०१९ मध्ये प्रयोग झाला, २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि गावठाणे मोजली जाऊ लागली. सर्व्हे नंबराचे दगड काळीत रोवले गेले त्यानंतर तब्बल दीडशे वर्षांनी घराला स्वतःचा नकाशा, क्षेत्रफळ आणि सनद मिळू लागली. हे घर आता बँकेपुढे तारण म्हणून ठेवता येते, असे योजनेच्या उद्दिष्टांतच लिहिले आहे.

म्हणजे १८६० च्या दशकात काळीचे जे झाले तेच आता पांढरीचे होत आहे. कागद आला की पत येते, आणि पत आली की लिलावाची शक्यताही तिच्याबरोबर दारात येते. मूल्यांकन अहवालात आज बाजारमूल्याखाली आणखी एक आकडा असतो : घाईने विकावे लागले तर येणारी किंमत. गहाणलहाण लिहून घेणारा सावकार तोच आकडा मनात धरून बांधावर उभा राहत असे. शेतकऱ्याच्या राहत्या घराला कलम ६० ची ढाल अजून आहे, आणि स्वतःहून लिहून दिलेल्या गहाणापुढे ती अजूनही चालत नाही.

ड्रोन येण्याच्या आदल्या दिवसांत गावात जी तयारी होते, तिची आठवण आजच्या इतिहासप्रेमींनी टिपून ठेवावी अशी आहे. मोजणी खात्याची आणि ग्रामपंचायतीची माणसे गल्लीगल्लीतून फिरतात, आणि घरमालकांच्या समक्ष प्रत्येक घराच्या हद्दीवर पांढऱ्या चुन्याची रेघ ओढली जाते, म्हणजे ती वरून कॅमेऱ्याला दिसावी. बोळ कोणाचा, गोठ्याची भिंत कोणाची, दोन भावांच्या मधली ओसरी कोणाच्या बाजूला, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले प्रश्न त्या रेघेशी येऊन थांबतात. जुन्या दस्तात घराच्या चारही बाजूंना शेजाऱ्यांची नावे असत. नव्या पत्रिकेत चौरस मीटर असतात. खण, तुळया आणि सागवान यांचा रकाना तिच्यात नाही.